चिरुटांची पेटी आणि ग्वाल्हेरची हवा

बाहेरगावचे पाहुणे घरी आले की त्यांना जयविलास राजवाडा दाखवावयास नेणे हा ग्वाल्हेरकर मराठी माणसाचा एक ठरलेला कार्यक्रम आहे. राजवाडा १८७४ सालचा. त्यातील संग्रहालय १९६४ साली लोकांसाठी खुले झाले. दरबार हॉलमधली प्रचंड झुंबरे पाहून झाली की पाहुण्यांची पावले भोजनगृहातल्या लांबलचक मेजापाशी थांबतात. त्या मेजावर रूळ आहेत आणि रुळांवर चांदीची चिमुकली आगगाडी आहे. डब्यांवर इंग्रजीतून शिंदे हे नाव एकेका अक्षराने लिहिलेले. जेवण झाल्यावर ही गाडी मद्याच्या बाटल्या आणि चिरूट घेऊन पाहुण्यांसमोरून फिरे. एखाद्याने बाटली उचलली की ती तेथेच थांबे आणि बाटली जागेवर ठेवली की पुन्हा चालू लागे. हे ऐकून मुले टाळ्या वाजवितात व मोठी माणसे हसतात.

मी ही गाडी लहानपणापासून पाहात आलो. पण गेली काही वर्षे तिच्यासमोर उभा राहिलो की मला वेगळाच प्रश्न पडतो. गाडी मेजावरून फिरे ती घटकाभर. बाकीचे दिवस ते चिरूट राहात कोठे? वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि श्रावणात भिंतींना बुरशी येते अशा या गावात, तंबाखूच्या पानाची ती नाजूक गुंडाळी कोणी व कशी जपली असेल?

हा प्रश्न मला पडण्याचे कारण घरगुती आहे. माझ्याजवळ चिरुटांची एक पेटी आहे.

अण्णांची पेटी

मी स्वतः ओढीत नाही. गळा हेच ज्याचे भांडवल त्याने धुराच्या वाटेला जाऊ नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगतो. आमचे वडील अण्णा, हेही ओढीत नसत. राजवाड्यातल्या एका समारंभात त्यांचे गाणे ऐकून खूष झालेल्या एका पाहुण्याने त्यांना पंचवीस चिरुटांची ही पेटी दिली. गवयाला चिरूट देणारा तो पाहुणा रसिक असला तरी भोळा असावा! पण दिलेली वस्तू नाकारावयाची नाही, ही दरबारची रीत. अण्णांनी पेटी मस्तकाला लावली आणि घरी आणली.

तिचा उपयोग वर्षातून एकदाच होई. दसऱ्याच्या दिवशी वाद्यांची पूजा व्हावयाची, अण्णा दोन-तीन चिजा म्हणावयाचे, सोने वाटून व्हावयाचे. आणि मग त्यांचे जुने स्नेही काकासाहेब ओसरीवर आरामखुर्चीत बसून त्या पेटीतला एक चिरूट ओढावयाचे. दोघे फारसे बोलत नसत. चिरूट संपला की काकासाहेब उठून म्हणत, "बराय अण्णा, आता पुढच्या दसऱ्याला."

अण्णा गेले तेव्हा पेटीत चौदा चिरूट होते. आज दोन आहेत. मधल्या बारांपैकी काकासाहेबांनी ओढले तीन. उरलेले नऊ माझ्या अज्ञानाने गेले. त्या नऊ चिरुटांपासून जे शिकलो ते येथे सांगावयाचे आहे. आपल्या जुन्या घरांतून आजोबांची, मामांची, फौजेतल्या काकांची अशी एखादी पेटी अजून असते, आणि हल्ली परदेशातून येणारी मुलेही अशा पेट्या आणतात. आणतात ती हौसेने. मग ती कपाटात पडून राहते.

पहिली चूक : वैशाख

अण्णा गेले ते फाल्गुनात. त्यांची आठवण सर्वांना दिसावी म्हणून मी पेटी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, त्यांच्या पदकांशेजारी मांडली. तेथे दुपारचे ऊन येई. मे महिन्यात एक दिवस पेटी उघडली, तो चार चिरुटांची वरची पाने तडकून पापुद्रे सुटलेले. बोटाने दाबले तर वाळल्या पाचोळ्यासारखा आवाज. त्या दसऱ्याला धड दिसणाऱ्यांतला एक काकासाहेबांना दिला. त्यांनी चार झुरके घेतले, खोकले, आणि चिरुटाकडे पाहात म्हणाले, "हा जळत नाही रे बाळ, भडकतो आहे."

असे का झाले हे समजण्यासाठी हवेचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. हवेत पाण्याची वाफ किती मावेल हे तिच्या उष्णतेवर अवलंबून असते. एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते, ३० अंशांना सुमारे ३०, आणि ४० अंशांना सुमारे ५१. जेवढी मावू शकते तिच्या शेकडा किती प्रत्यक्षात आहे, ते प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. समजा, ३० अंशांच्या हवेत १५ ग्रॅम वाफ आहे. आर्द्रता झाली ५० टक्के. तीच हवा ४० अंशांपर्यंत तापली तर वाफेचा एक थेंबही कमी न होता आर्द्रता ३० टक्क्यांवर येते, आणि २० अंशांपर्यंत निवली तर ८८ टक्क्यांवर जाते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ती २० टक्क्यांच्याही खाली उतरते. अशी तहानलेली हवा समोर येईल त्यातून पाणी शोषून घेते. मग तो माठ असो, आपले ओठ असोत किंवा तंबाखूचे पान असो.

चिरूट म्हणजे तंबाखूच्या पानांचीच गुंडाळी. आत भरणाची पाने, त्यांना बांधून धरणारे एक पान, आणि सर्वांवर तलम आवरणाचे पान. हे पान जिवंत नसले तरी हवेशी ओलाव्याची देवघेव करीतच राहते. सभोवती ६५ ते ७० टक्के आर्द्रता असली की त्याचा तोल बरोबर राहतो. पुष्कळ खाली गेली की पानातील सुगंधी तेले उडू लागतात, आवरण तडकते, आणि चिरूट झपाट्याने व गरम जळून जिभेला चावतो. पंचाहत्तरच्या वर गेली की पान फुगते, ओढ जड होते, चिरूट पुन्हा पुन्हा विझतो आणि बुरशीला आमंत्रण मिळते. क्यूबासारख्या बेटाची हवा बारमाही दमट, त्यामुळे तेथे हे पान घरच्यासारखे राहते. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद येथे ते परमुलखात आलेले असते.

दुसरी चूक : श्रावण

कोरडेपणाने नुकसान झाले, तेव्हा ओलावा द्यावा, असे माझ्या साध्या बुद्धीला वाटले. चैत्र लागताच मी नळाच्या पाण्यात भिजविलेला स्पंजाचा तुकडा पेटीत ठेवला आणि दर आठवड्यास तो इमानाने भिजवीत राहिलो. पावसाळा लागला तरी हात थांबला नाही. श्रावणात पेटी उघडली तर कुबट वास! पाच चिरुटांवर हिरवट-पांढरी लव आली होती. ते फेकून द्यावे लागले. उरलेल्या चारांतला एक त्या दसऱ्याला काकासाहेबांनी ओढला. ते काहीच बोलले नाहीत, आणि ते न बोलणे मला अधिक लागले.

ओला स्पंज, ओला कापूस, बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड हे सगळे उपाय एकाच जातीचे. ते ओलावा देतात, पण पुरे झाला हे त्यांना कळत नाही. बंद डब्यात ओला स्पंज हवेला शंभर टक्क्यांकडे ढकलीत राहतो. फळाची फोड तर स्वतःच कुजते. नळाच्या पाण्यातले क्षार साचतात ते निराळेच.

कोरडा पडलेला चिरूट घाईने ओला करणे हाही अपराधच. आतल्या पानांनी पाणी पिऊन अंग धरले आणि वरचे नाजूक पान ताणले गेले की ते फाटते. त्याला प्रथम ६० टक्क्यांच्या आसपास ठेवून, कित्येक आठवडे घेत, पायरीपायरीने वर आणावे. एकदा उडून गेलेली तेले मात्र परत येत नाहीत.

तंबोऱ्याच्या खोलीत

दोन वर्षांत नऊ चिरूट घालविल्यावर मला प्रश्न पडला की अण्णांनी इतकी वर्षे ते कसे टिकविले? त्यांच्याजवळ ना यंत्र होते ना पुस्तक. मग आठवले. पेटी ठेवलेली असे ती तंबोऱ्यांच्या खोलीत.

घराच्या मधोमध, उन्हाचा कवडसाही न येणारी ती खोली. उन्हाळ्यात दाराला वाळ्याचा पडदा आणि कोपऱ्यात पाण्याने भरलेला माठ. पावसाळ्यात माठ बाहेर जाई, पडदा उतरे, आणि पेटी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बंद होई. हे सारे ते तंबोऱ्यांसाठी करीत. कोरड्या हवेत भोपळा आणि लाकूड यांचा सांधा उकलतो, तबलीला चीर जाते. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडून सूर उतरतो. गवयाच्या घरी हवेतला ओलावा कानाने मोजतात. चिरुटांना त्या खोलीचा आयता आश्रय मिळाला होता, आणि मी मोठ्या आदराने त्यांना तेथून उचलून उन्हात मांडले!

यात आणखी एक मौज आहे. चिरुटांची पेटी ज्या लाकडाची उत्तम समजतात त्याला 'स्पॅनिश सीडर' म्हणतात. पण ते स्पेनचेही नव्हे आणि खरे सीडरही नव्हे. ते अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले, महोगनीच्या कुळातले झाड. आपला कडुनिंब त्याच कुळातला. आणि तंबोरे-सतारी ज्याच्या करतात ते तूनही. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी तूनची गणना चिरुटाच्या लाकडाच्याच गटात करीत असत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी वाचताना मला आमची पेटी आठवली. एका खोलीत वर्षानुवर्षे शेजारी राहिलेली ती दोन लाकडे चुलत भावंडेच होती.

आता काय करतो

पहिली गोष्ट मोजमाप. आर्द्रतामापक थोड्या पैशांत मिळतो, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पेटी सुरात लावावयाची तर आधी काटा सुरात हवा. बाटलीच्या बुचात साधे मीठ घ्यावे, त्यात पाण्याचे काही थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखे करावे. विरघळता कामा नये. बूच आणि मापक हवाबंद डब्यात एक दिवस ठेवावे. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, आणि उष्णता थोडी कमीजास्त झाली तरी ती तेथून फारशी हलत नाही. काटा ७० दाखवीत असेल तर तो पाचाने मागे आहे असे समजून पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवावेत.

मिठाचा हाच गुण वापरून आता लहान पाकिटे निघाली आहेत; बोवेडा हे त्यांतले प्रसिद्ध नाव. आत क्षाराचा दाट द्राव, बाहेर फक्त वाफ जाऊ देणारा पापुद्रा. हवा कोरडी झाली तर पाकीट ओलावा सोडते, दमट झाली तर शोषून घेते. स्पंजाला जे कळत नव्हते ते याला कळते. पाकिटावर ६५, ६९, ७२ असे आकडे असतात. आपल्या हवेला मी ६५ पसंत करतो, कारण चुकलोच तर बुरशीपासून दूर चुकतो. पंचवीस चिरुटांना साठ ग्रॅमचे एक पाकीट पुरते. ते वाळून कडक झाले की बदलावे. लाकडी वाद्यांसाठीही अशी पाकिटे मिळतात. त्यांवर आकडा असतो ४९. एकाचे पाकीट दुसऱ्याला घालू नये. आणि औषधाच्या बाटलीत किंवा जोड्याच्या खोक्यात येणारी कोरड्या दाण्यांची पुडी चिरुटांत मुळीच ठेवू नये. ती नुसती शोषणारी आहे.

दुसरी गोष्ट डबा. देखणी लाकडी पेटी आमच्याकडच्या उन्हाळ्यात श्वास सोडते. तिचे झाकण कितीही चपखल असले तरी बाहेरच्या २० टक्क्यांशी तिला रोज झगडावे लागते. म्हणून मी ती पेटी जशीच्या तशी, रबरी कडेचे झाकण असलेल्या स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात ठेवली. डबा नवा असावा. लोणच्याचा किंवा मसाल्याचा चालणार नाही, कारण तंबाखूचे पान वास झटकन धरते. डांबरगोळ्या, कापूर आणि सुवासिक तंबाखूचे चिरूट यांच्यापासूनही साधे चिरूट दूर ठेवावेत. महिन्यातून एकदा डबा मिनिटभर उघडून आतली हवा बदलावी. बंद डब्यात पान आणि लाकूड आपसांत ओलाव्याची देवघेव करून तोल राखतात, म्हणून बाहेरच्या हवेसारखा आतला काटा उडत नाही.

लाकडी पेटीच नवी घेतली असेल तर तिच्यात लगेच चिरूट ठेवू नयेत. कोरडे लाकूड आधी त्यांचाच ओलावा पिईल. ८४ आकड्याची पाकिटे दोन आठवडे आत ठेवून लाकूड तृप्त करावे. फडके भिजवून आतून पुसण्याची जुनी चाल आहे. तिने लाकूड वाकण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट उष्णता. आदर्श म्हणाल तर १८ ते २१ अंश. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात हे ऐकून हसू येईल. पण घरातली सर्वांत थंड जागा शोधावी. ती सहसा आतल्या खोलीत, कपाटाच्या तळच्या खणात सापडते. कूलर उन्हाळ्यात खोली थंडही करतो आणि दमटही. वातानुकूलन यंत्र थंड करते पण कोरडे करते. डबा घट्ट असेल तर दोन्ही चालतील. फ्रीजमध्ये मात्र पेटी ठेवू नये. तेथली हवा कोरडी असते आणि कालच्या भाजीचा वास चिरुटाला लागतो.

उष्णतेला भिण्याचे खरे कारण एक किडा आहे. तंबाखूच्या पानात त्याची अंडी लपून येतात आणि २४-२५ अंशांच्या पुढे ती फुटू लागतात. अळी चिरुटाला टाचणीने टोचल्यासारखी भोके पाडते, आणि एका चिरुटातून सगळी पेटी जाते. उपाय असा : नवे आणलेले चिरूट दुहेरी पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत, मग एक दिवस फ्रीजच्या साध्या कप्प्यात, मग बाहेर. खोलीच्या उष्णतेला आल्याशिवाय पिशवी उघडू नये. नाहीतर पानावर दव जमते.

आणि शेवटची परीक्षा बोटांची. चिरूट चिमटीत अलगद दाबावा. तो किंचित दबून पुन्हा वर यावा, कुरकुरू नये, आणि दबलेला खळगा राहू नये. पुडीवर थाप मारून ती चढली की उतरली हे जसे कळते, तसे हे सवयीने कळू लागते.

चिरूट हा शब्द

कोणी म्हणेल, या विलायती व्यसनाचे एवढे कौतुक कशाला? व्यसनाचे नाहीच. तंबाखू शरीराला घातक आहे, आणि धूर छातीत न घेता तोंडातच ठेवला म्हणून चिरूट निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाचा व घशाचा कर्करोग त्यानेही होतो. पण वस्तू विलायतीच आहे असेही नव्हे. आपला 'चिरूट' आणि इंग्रजांचा 'चेरूट' दोन्ही तमिळमधल्या 'सुरुट्टु' या शब्दावरून आले. त्याचा अर्थ गुंडाळी. तिरुचिरापल्लीचे चिरूट विलायतेत इतके माहितीचे होते की, १८८७ सालच्या शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत त्याने राखेवरून ते ओळखले आहेत. दिंडिगुलकडेही हा धंदा मोठा होता. वस्तू आपल्या देशाची, शब्दही आपल्याच देशाचा, आणि जपण्याची रीत तेवढी आपण विसरलो, असा हा प्रकार आहे.

दसरा

पेटी पुन्हा तंबोऱ्यांच्या खोलीत गेली त्या वर्षी दसऱ्याला काकासाहेबांनी चिरूट पेटविला. बराच वेळ ते गप्प होते. राख बोटभर लांब झाली तरी पडली नाही. मग म्हणाले, "अण्णांची खोली लागली वाटतं पुन्हा." मी मान हलविली. मला बोलवेना.

गेल्या दसऱ्याला ते आले तेव्हा हातात काठी होती. डॉक्टरांनी चिरूट बंद केला आहे. तरी पूजा झाल्यावर ते ओसरीवर त्याच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पेटी आण." मी आणली. त्यांनी एक चिरूट उचलला, बोटांनी दाबून पाहिला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. आत माझी मुलगी तंबोरा जुळवीत होती. तिचा षड्ज लागेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग चिरूट जागच्या जागी ठेवून त्यांनी पेटी माझ्याकडे सरकविली.

"झाकण लाव लवकर," ते म्हणाले, "हवा कोरडी आहे आज."